कर्मवीर अण्णांचा संसार

(कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जयंतीनिमित्त ता. २२ सप्टेंबर रोजीं आमच्या गांवच्या शाळेंत भरलेल्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण.)



आजच्या दिवशीं आम्हीं चार शब्द बोलावे अशी पंचमंडळींची आज्ञा झाली, म्हणून आम्ही येथें उभे आहोंत. आम्ही कांहीं मोठे वक्ते नव्हे. ट्रेनिंग कॉलेजांत शिकून, हातीं खडू घेऊन, वीस वर्षें खेड्यापाड्यांतून पोरांना बाराखडी व पाढे शिकविणारे साधे मास्तर आहोंत. तेव्हां भाषेचा थाट आमच्याकडून होणार नाहीं. जें मनांत आहे तें सरळ सांगणार आहोंत, आणि त्यांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती सांगतांना आमची मान खालीं जाणार आहे. तरीही ती सांगितल्याशिवाय आज आम्हांस अण्णांचें नांव घेण्याचा हक्क पोंचत नाहीं.

सकाळीं आपण अण्णांच्या तसबिरीस हार घातला. मुलांनीं जयजयकार केला. उद्यां हा हार सुकेल, परवां तो कोणी तरी काढून टाकील, आणि अण्णा पुन्हां वर्षभर भिंतीवरच्या खिळ्याला धूळ खात राहतील. थोर माणसांचें आपण असेंच करतों. त्यांना इतकें उंच टांगतों कीं, त्यांचा हात आपल्या खांद्यापर्यंत पोंचूंच नये! मग आपण म्हणतों, "ते थोर होते. त्यांनीं संसारावर तुळशीपत्र ठेवलें. आम्ही पडलों संसारी माणसें. आमच्यानें तें कसें होणार?" असें म्हटलें कीं आपण मोकळे झालों.

बंधूंनो, आज आम्हांस सांगावयाचें आहे तें हें कीं, ही समजूत खोटी आहे. अण्णांनीं संसार सोडला नाहीं. त्यांनीं भगवीं वस्त्रें घेतलीं नाहींत, ते कोणत्या मठांत जाऊन बसले नाहींत. त्यांना बायको होती, मुलेंबाळें होतीं, चूल होती, उसनवारी होती, दाणे संपल्याची काळजी होती. जें तुम्हां-आम्हां घरोघरीं आहे तें सगळें त्यांच्या घरीं होतें. त्यांनीं केलें तें इतकेंच कीं, आपल्या घराची भिंत पाडली आणि रयतेच्या पोरांना आंत घेतलें. संसार टाकणारे पुष्कळ झाले; संसार वाढविणारा असा गृहस्थ विरळा. आम्ही त्यांस थोर म्हणतों तें या कारणासाठीं.

आतां त्यांच्या आयुष्याची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण लहान मुलें येथें बसलीं आहेत व त्यांनीं ती ऐकली पाहिजे.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म ता. २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कोल्हापूरकडील कुंभोज या गांवीं एका जैन शेतकरी कुटुंबांत झाला. घराण्याचें मूळ गांव ऐतवडे बुद्रुक. वडील सरकारी नोकरींत कारकून होते. लहानपणापासून पोर मोठें हूड. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी घेऊं देत नाहींत हें पाहून या पोरानें विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी गोष्ट त्यांच्याविषयीं सांगतात. पुढें शिक्षणासाठीं ते कोल्हापुरास गेले व जैन बोर्डिंगांत राहूं लागले. तेथें असतां अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध हो, असा हुकूम झाला. "माणसाला शिवलों तर विटाळ कसला?" हा त्यांचा बाणा. स्नान केलें नाहीं, आणि बोर्डिंग सोडावें लागलें, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलेलें आहे. त्या वेळीं छत्रपति शाहू महाराजांनीं त्यांस आसरा दिला. मुलांनो, ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवा. ज्याला एका वसतिगृहांतून बाहेर पडावें लागलें, त्यानेंच पुढें गांवोगांव वसतिगृहें काढलीं, आणि तेथून जातीच्या कारणानें एकाही पोराला बाहेर काढलें नाहीं!

शाळेंतल्या परीक्षांत अण्णांचें कांहीं फारसें जमलें नाहीं. मॅट्रिकची पायरीही ते चढले नाहींत. साताऱ्यास मुलांच्या शिकवण्या करून त्यांनीं पोट भरलें. लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणत. पुढें ओगल्यांच्या कांच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठीं ते गांवोगांव फिरले. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या बांधावर जावें लागतें, त्याच्या ओसरीवर बसावें लागतें. तेथें अण्णांनीं काय पाहिलें? आठ-दहा वर्षांचीं पोरें गुरांमागें; पाटी कोणाच्या हातांत नाहीं; सावकाराच्या कागदावर बापाचा आंगठा, आणि उद्यां पोराचाही तोच आंगठा. लोखंडी नांगरानें जमीन खोल नांगरली जाईल, पण या पोरांच्या डोक्यांतलें रान कोण नांगरणार, हा प्रश्न त्यांच्या मनांत बसला. जोतीराव फुल्यांनीं शेतकऱ्याच्या दैन्याचें मूळ अविद्येंत दाखविलें होतें. अण्णा त्याच सत्यशोधक विचाराचे. त्यांनीं तो विचार व्याख्यानांत ठेवला नाहीं, घरांत आणला.

ता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नांव पाहा: राजाचें नाहीं, देवाचें नाहीं, देणगीदाराचें नाहीं, रयतेचें. १९२४ सालीं संस्थेचें ठाणें साताऱ्यास आलें व तेथें बोर्डिंग सुरू झालें. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ज्या जातीचें पोर येईल तें एकाच छपराखालीं राहील आणि एकाच पंगतीला बसेल, असा नियम झाला. आज ही गोष्ट ऐकावयास सोपी वाटते. परंतु ज्या काळीं पाणवठे वेगळे, सांवलीसुद्धां वेगळी, त्या काळीं एक पंगत म्हणजे लढाईच होती. १९२७ सालीं महात्मा गांधी साताऱ्यास आले असतां त्यांच्या हस्तें या बोर्डिंगास छत्रपति शाहूंचें नांव दिलें गेलें. १९३२ सालीं पुणें करार झाला, त्याच वर्षीं अण्णांनीं पुण्यास 'युनियन बोर्डिंग' काढलें.

पुढचा विस्तार तर तुम्हांस ठाऊकच आहे. १९३५ सालीं साताऱ्यास खेड्यांकरितां शिक्षक तयार करणारें ट्रेनिंग कॉलेज निघालें. १९४० सालीं महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालें. १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज, १९५४ सालीं कऱ्हाडचें सद्गुरु गाडगे महाराज कॉलेज. पोरांनीं शेतांत राबावें, खडी फोडावी, भिंती बांधाव्या, स्वयंपाक स्वतः करावा आणि शिकावें. 'कमवा आणि शिका' हा मंत्र त्यांनींच रुजविला. १९५९ सालीं ते वारले तेव्हां संस्थेचीं हायस्कुलें शंभरावर गेलीं होतीं. त्याच वर्षीं सरकारनें त्यांस पद्मभूषण केलें, पुणें विद्यापीठानें डी. लिट. ही पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला डॉक्टर केलें! आणि ता. ९ मे १९५९ रोजीं अण्णा गेले. संस्थेची खूण म्हणून त्यांनीं वडाचें झाड घेतलें होतें. वडाच्या पारंब्या जमिनींत रुजतात आणि त्यांचेच पुढें बुंधे होतात. आमच्या वडिलांना ज्या मास्तरांनीं पहिलें अक्षर शिकविलें ते साताऱ्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत तयार झालेले होते. म्हणजे अण्णांच्या ताटांतला एक घास आमच्याही घरापर्यंत आलेला आहे. हें ऋण आम्ही विसरूं शकत नाहीं.

येथपर्यंत जें सांगितलें तें दर वर्षीं जयंतीला कोणी ना कोणी सांगतोच. परंतु या सगळ्या हकीकतींत एक बाई उभी आहे, आणि तिच्याकडे आपण पाहातच नाहीं. ती म्हणजे अण्णांची धर्मपत्नी लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाई सुखवस्तु घरांतून आलेल्या. अंगावर सोनें बरेंच. माहेरीं सोवळेंओवळें कडक. अशी बाई नवऱ्यानें परजातीचीं पोरें घरांत आणलीं तेव्हां एकाच दिवसांत बदलली असेल काय? नाहीं. त्यांनाही तें प्रथम जड गेलें. पण एकदां त्या पोरांची आईपासून तुटलेलीं तोंडें पाहिलीं, आणि सोवळें गळून पडलें. पोरांना न्हाऊं घालणें, दुखलें-खुपलें पाहणें, डोईवर हात फिरविणें, हें सारें त्यांनीं केलें. बोर्डिंगांत दाणे संपले कीं अंगावरचा एक दागिना जाई. असें करतां करतां सोनें सरलें. शेवटीं एक वेळ अशी आली कीं, अण्णा बाहेरगांवीं, घरांत पीठ नाहीं, आणि पोरें उपाशी. तेव्हां त्या माउलीनें गळ्यांतलें मंगळसूत्र काढून दिलें आणि त्या पैशांतून धान्य आणविलें.

मायबहिणींनो, मंगळसूत्र काढून देणें म्हणजे काय हें पुरुषांना काय समजणार? तें तुम्हांस समजतें. १९३० सालीं लक्ष्मीबाई वारल्या. ट्रेनिंग कॉलेज निघालें तें त्यांनीं पाहिलें नाहीं. हायस्कूल पाहिलें नाहीं, शिवाजी कॉलेज पाहिलें नाहीं, पद्मभूषणाचा दिवस पाहिला नाहीं. त्यांनीं पाहिली ती चूल, आणि चुलीपुढें बसलेलीं भुकेलीं पोरें. इमारतीचा पाया जमिनींत असतो म्हणून तो कोणास दिसत नाहीं. पण कळसावर चढून बसणाऱ्यानें तरी त्याला विसरूं नये.

आम्हीं हें इतकें विस्तारानें कां सांगितलें? कारण बाहेर जो माणूस लोकांचें काम करतो, त्याच्या कामाचें मोल त्याचें घर भरीत असतें. त्याचा वेळ घराचा असतो, पैसा घराचा असतो, भाकरी घराची असते. जोतीरावांच्या मागें सावित्रीबाई होत्या म्हणून त्यांचें काम झालें. परक्या बाईचा यशवंत त्या दोघांनीं आपला पोर म्हणून वाढविला. त्याच सावित्रीबाई १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां गेल्या. आमच्या बहुजन समाजांतील सुधारणा या प्रथम चुलीपाशीं झाल्या आहेत, मग सभेंत. ज्या सुधारकाची सुधारणा उंबऱ्याच्या बाहेरच थांबते, त्याच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवावा?

आणि आतां ज्या गोष्टीनें आमची मान खालीं जाते ती सांगतों.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही या गांवीं नवेच बदलून आलों होतों. तिसरीच्या वर्गांत एक पोर होतें. नांव सांगत नाहीं. हिशेबांत असें तरबेज कीं, आम्हीं फळ्यावर गणित लिहून पुरें करावें तों त्यानें उत्तर सांगावें. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं संध्याकाळीं त्याचा बाप आमच्या दारीं आला. मुकादमाची उचल घेतलेली. दिवाळीच्या आधीं नवरा-बायकोला कोयता घेऊन कारखान्यावर जावयाचें होतें. तो अंगणांतच उभा राहिला. आम्हीं वर या म्हटलें तरी ओट्यावर चढला नाहीं. म्हणाला, "गुरुजी, पोरगं हुशार हाय असं तुम्हीच म्हणता. मग सहा महिने तुमच्या पायापाशी राहू द्या. दाणं आम्ही घालतो. निजायला कोपरा द्या, म्हंजे झालं."

पोर बापाच्या मागें उभें होतें. हातांत दप्तर होतें. कशाला आणलें होतें कोण जाणे; बहुधा तें आमच्याकडे राहावयाच्या तयारीनेंच आलें होतें.

आम्हीं काय उत्तर दिलें? आम्ही म्हणालों, "घर दोन खोल्यांचें आहे. पाहुणेरावळे येतात. शिवाय एकाला ठेवलें तर दुसरेही म्हणतील." शब्द गोड होते. आम्हीं त्याला चहा दिला. पोराच्या हातावर गूळ ठेवला. ते गेले.

बंधूंनो, त्याच वर्षीं या सभेंत, याच तसबिरीखालीं उभे राहून, आम्हीं अण्णांवर अर्धा तास भाषण केलें होतें! लक्ष्मीबाईंचें मंगळसूत्र सांगतांना आमचा गळाही दाटून आला होता. लोकांनीं टाळ्या वाजविल्या होत्या.

पोर आईबापाबरोबर फडावर गेलें. तेथें तें काय करतें हें तुम्हांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. आईबाप पहाटेच्या अंधारांत ऊस तोडावयास जातात. पोर कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळतें, पाणी आणतें, वाढे गोळा करतें. फाल्गुन-चैत्रांत टोळी परतली तेव्हां शाळेचें वर्ष संपत आलेलें. पोर पुढच्या वर्गांत ढकललें गेलें, पण त्याचें गणित मागेंच राहिलें. दुसऱ्या वर्षीं पुन्हां गेलें. चौथ्या वर्षीं तें मोळी उचलूं लागलें, आणि शाळेचा व त्याचा संबंध तुटला.

आतां तो पोर बाप्या झाला आहे. त्याचें लग्न झालें, त्याचा स्वतःचा कोयता आहे. गेल्या उन्हाळ्यांत तो शाळेंत दाखला मागावयास आला. काम झाल्यावर जातां जातां म्हणाला, "गुरुजी, पोरगी औंदा पहिलीला घातली." आम्हीं विचारलें, "मग हंगामांत कुठें राहील?" तो हसला. म्हणाला, "आमच्यासंगट. आणि कुठं?"

त्याचा बाप निदान विचारावयास तरी आला होता. यानें विचारलेंच नाहीं. मास्तराच्या घरांत आपल्या पोरीला जागा असेल, ही गोष्ट त्याच्या मनांतच आली नाहीं. आणि ती त्याच्या मनांतून कोणीं काढली? आम्हींच काढली.

त्या दिवशीं घरीं येऊन आम्हीं ही सर्व हकीकत आमच्या मंडळींस सांगितली. त्या पोराचा बाप येऊन गेला हें त्यांस तोंवर ठाऊकच नव्हतें. त्या त्या वेळीं माहेरीं गेल्या होत्या. त्या भांडी घासीत होत्या. हात न थांबवितां म्हणाल्या, "चूल माझी होती. मला विचारलं असतंत, तर मी ठेव म्हटलं असतं. दोन भाकरींनी काय मोठं ओझं झालं असतं?"

आम्हीं घर लहान म्हणून सांगितलें, पण घराला विचारलेंच नव्हतें! नाहीं म्हणतांना बायकोचें नांव पुढें करावें, हो म्हणतांना आपलें. ही आम्हां पुरुषांची जुनी खोड आहे. म्हणून आज अण्णांचें नांव घेतांना लक्ष्मीबाईंचें नांव आम्हीं प्रथम घेणें लागतें.

आतां कोणी म्हणेल, मास्तर, हें काम सरकारचें आहे. खरें आहे. २००९ सालीं कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. सरकारनें हंगामी वसतिगृहांची योजनाही काढली. आपण तिच्यासाठीं अर्ज जरूर करूं, पाठपुरावा करूं, हक्कानें मागूं. परंतु कायद्याला हात नसतात, बंधूंनो. कायदा रात्रीं उठून पोराच्या अंगावर पांघरूण घालीत नाहीं. अण्णांनींही पुढें सरकारकडून ग्रॅण्ट घेतली. पण ग्रॅण्ट येईपर्यंत पोरांना उपाशी ठेवलें नाहीं. आधीं चूल पेटविली, मग अर्ज लिहिला.

कोणी म्हणेल, आम्ही गरीब. मग अण्णा काय जहागीरदार होते? खेड्याखेड्यांतून धान्य मागून त्यांनीं पोरें पोसलीं. देणारे शेतकरीच होते, आणि तेही तुमच्या-आमच्यासारखे कोरडवाहूच. ज्याच्या कणगींत थोडें आहे त्यालाच नसण्याचें दुःख समजतें.

आणि तिसरी अडचण अशी आहे कीं, ती कोणी तोंडानें बोलत नाहीं, पण मनांत सगळ्यांच्या असते. ती आम्हीच बोलतों. हीं पोरें कोणत्या आळीचीं? कोणाच्या ताटाला ताट लागणार? बंधूंनो, तो बाप आमच्या ओट्यावर कां चढला नाहीं, याचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. भाषणांत आपण सगळे सत्यशोधक, फुले-शाहूंचें नांव घेणारे. पण ज्या दिवशीं तें पोर आपल्या चुलीपाशीं जेवील त्या दिवशीं आपण खरे. शंभर वर्षांपूर्वीं साताऱ्यास जी पंगत बसली, ती आपल्या गांवांत आजही बसत नसेल, तर ही तसबीर भिंतीवरून काढून ठेवलेली बरी!

म्हणून आमची सूचना अशी आहे. ती साधी आहे.

पहिली गोष्ट, दसरा अजून पुढें आहे. टोळ्या हालण्यापूर्वीं आपण पंचमंडळी व शिक्षक मिळून घरोघर जाऊं आणि जाणाऱ्या आईबापांना सांगूं, "पोरें मागें ठेवा." त्यांनीं येऊन हात जोडावे अशी वाट पाहूं नये. आपण त्यांच्या दारीं जावें. आम्हीं ती चूक एकदां केली आहे.

दुसरी गोष्ट, जीं मुलें राहतील त्यांच्यासाठीं शाळेची एक खोली रात्रीं उघडी ठेवूं. मोठीं मुलें तेथें निजतील, आम्ही पाळीनें त्यांच्याबरोबर राहूं. लहान पोरें व मुली यांना मात्र घरच पाहिजे. ज्यांच्या घरीं म्हाताऱ्या आज्या आहेत त्यांनीं एकेक मूल घ्यावें. मुलींची गोष्ट विशेष मनावर घ्या. मागें ठेवावयास जागा नाहीं, बरोबर न्यावयाची भीति, म्हणून किती घरांतून पोरीचें लग्न कोंवळ्या वयांत उरकून टाकतात! तुम्हीं तिला सहा महिने कोपरा दिला, तर तिचीं पांच वर्षें वांचतील.

तिसरी गोष्ट, खळ्यावरून धान्य घरीं येईल तेव्हां प्रत्येक घरानें यथाशक्ति एक माप या मुलांसाठीं वेगळें काढावें. फूल ना फुलाची पाकळी. हिशेब शाळेच्या भिंतीवर खडूनें लिहिला जाईल. आला दाणा, गेला दाणा, सर्वांस दिसेल.

चौथी गोष्ट पुरुषमंडळींसाठीं. घरीं जाऊन "मी सभेंत कबूल करून आलों, आतां तूं रांध" असें बायकोला सांगूं नका. आधीं तिला विचारा. तिनें हो म्हटलें तर पाणी आणणें, सरपण फोडणें, पीठ दळून आणणें हें काम तुमचें. साताऱ्याच्या बोर्डिंगांत पोरें स्वतः भाकरी थापीत होतीं. त्यानें त्यांचा कमीपणा झाला नाहीं, तुमचाही होणार नाहीं. लक्ष्मीबाईंनीं एकटीनें जें ओझें वाहिलें तें पुन्हां कोणा एका बाईच्या डोक्यावर पडतां कामा नये.

आम्ही स्वतः काय करणार, हें सांगून संपवितों. नाहीं तर पुन्हां टाळ्यांचेंच भाषण व्हावयाचें. गेल्या रविवारीं आम्ही दोघे, म्हणजे आम्ही व आमची मंडळी, त्या गड्याच्या घरीं जाऊन आलों. या वेळीं आम्हीं त्यांस आधीं विचारलें होतें. बोलणेंही त्यांनींच केलें. त्या त्या पोरीच्या आईशेजारीं बसल्या आणि म्हणाल्या, "हंगामभर तिला आमच्याकडे राहू द्या. माझ्या हाताखाली राहील, माझ्यापाशी जेवेल." आई कांहीं बोलली नाहीं. तिनें पोरीच्या डोक्यावरून हात फिरविला आणि नवऱ्याकडे पाहिलें. गडी बराच वेळ जमिनीकडे पाहात होता. मग म्हणाला, "बघतो, गुरुजी. विचार करून सांगतो."

अजून त्यानें सांगितलेलें नाहीं. त्याचा दोष नाहीं. ज्या दारावरून बाप परतला त्या दारांत पोरगी ठेवण्याआधीं माणूस विचार करणारच. आम्ही दसऱ्यापर्यंत वाट पाहूं, आणि लागलें तर पुन्हां जाऊं. घर तेंच आहे, दोन खोल्यांचें. कोपरा झाडून ठेवला आहे.

बंधूंनो, मायबहिणींनो, अण्णांचें स्मारक साताऱ्यास आहे. त्यांच्या नांवाचीं विद्यालयें, महाविद्यालयें ठिकठिकाणीं आहेत. तेथें आपल्या हाराची उणीव नाहीं. आपल्या गांवांत त्यांचें स्मारक करावयाचें असेल तर एका ताटाशेजारीं दुसरें ताट मांडा. तेवढें झालें तर पुढच्या जयंतीस भाषणाचीही गरज पडणार नाहीं. त्या दिवशीं पोरांनाच उभें करूं आणि पाढे म्हणावयास सांगूं.